एंटर दाबल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

एखाद्या वेबसाइटवर तुम्ही नाव, पत्ता, फोन नंबर सगळं भरता. पुढचं पान उघडतं, तर तिथे पुन्हा नाव, पत्ता, फोन नंबर. तिसऱ्या पानावर परत तेच. तुम्ही वैतागता, आणि वैतागायलाच हवं. मी मात्र गेली पंधरा वर्षं वेबसाइट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये काम करते आहे, त्यामुळे मला त्या तीन पानांमागे तीन टीम दिसतात. बहुधा शेजारी शेजारी बसणाऱ्या, आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या.

ही माझी कल्पनाशक्ती नाही हं. मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञानं हे १९६८ सालीच लिहून ठेवलंय. त्याचा लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'नं साभार परत केला होता. मग तो 'डेटामेशन' या मासिकात छापून आला. त्याचं म्हणणं असं, की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तसाच आकार त्यांनी बनवलेल्या यंत्रणेला येतो. त्यानं दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. एका संस्थेत आठ जणांना दोन कंपायलर तयार करायचे होते. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. एक कोबोल भाषेसाठी, दुसरा अल्गोलसाठी. पाच जण कोबोलला लावले, तीन जण अल्गोलला. काम झालं तेव्हा कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालत होता आणि अल्गोलचा तीन टप्प्यांत!

काम रखडलं की वरून हमखास एक सूचना येते: माणसं वाढवा. आयबीएममध्ये मोठमोठे प्रकल्प हाताळलेल्या फ्रेड ब्रुक्सनं १९७५ साली बजावलं होतं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी लांबतं. नव्यांना समजावून सांगण्यात जुन्यांचा दिवस जातो, हे एक कारण. दुसरं साधं गणित. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १०. दहा जणांत होतात ४५. माणसं दुप्पट, बोलणं साडेचारपट. तरी ही सूचना येतेच. मी आता त्यावर वाद घालत नाही, निमूटपणे खुर्च्या मोजते.

तर आमच्या कंपन्यांमधली माणसं. पान कसं दिसावं हे ठरवणारे डिझायनर, ते ब्राउझरमध्ये उभं करणारे फ्रंटएंडवाले, पडद्यामागची माहिती सांभाळणारे बॅकएंडवाले, आणि या सगळ्यांच्या आणि क्लायंटच्या कात्रीत सापडलेला प्रोजेक्ट मॅनेजर. यांच्याबद्दल तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. पण मला ज्या माणसाबद्दल सांगायचंय, तो टेस्टर.

टेस्टर हा आमच्यातला अधिकृत खोडकर. संख्या विचारली की तो उणे पाच टाकणार. नावाच्या रकान्यात एकच अक्षर टाकणार, नाहीतर हसरा चेहरा. पैसे भरायचं बटण एकदा दाबायचं असतं, हा दोनदा दाबणार, तेही झटपट. आणि दोनदा पैसे गेले की शांतपणे बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, नोंदवणार. माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर अख्खी साइट फिरून बघणार, कारण ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात स्थिर राहत नाही, ती माणसं तशीच फिरतात. यासाठीचे जागतिक नियम १९९९ सालीच लिहिले गेले आहेत, तरी चित्राला दोन शब्दांचं वर्णन जोडायला आम्ही डेव्हलपर आजही विसरतो. टेस्टरनं बग दाखवला की आमच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडतं, 'माझ्या मशिनवर तर चालतंय!' माझ्या ओळखीची एक टेस्टर यावर म्हणायची, 'मग तुझं मशिनच पाठवून देऊ का क्लायंटला?' ज्या कंपनीत टेस्टरला असं बोलता येतं, तिथली साइट मी डोळे झाकून वापरीन.

एकमेकांचं काम तपासायची आमच्याकडे पद्धत आहे, तिला कोड रिव्ह्यू म्हणतात. तुम्ही लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जात नाही. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात वीस ओळी पाठवल्या तर पंधरा शेरे येतात, आणि हजार ओळी पाठवल्या तर एकच: 'छान दिसतंय.' हजार ओळी कोण वाचणार? पण खरं पाहायचं असतं ते शेऱ्याच्या भाषेत. 'हे असं कोण लिहितं?' हा एक शेरा झाला. 'इथे यादी रिकामी आली तर काय होईल?' हा दुसरा. चूक दोन्हींत तीच दाखवलीय. पहिला शेरा वाचणारा पुढच्या वेळी कोड लपवत लपवत, शेवटच्या क्षणी पाठवतो. दुसरा वाचणारा रिकामी यादी आयुष्यभर विसरत नाही. मी स्वतः दोन्ही प्रकारचे शेरे लिहिलेत, हे कबूल करते. पहिल्या प्रकारचे बहुतेक संध्याकाळी सहानंतरचे आहेत.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. एका ग्राहकाचा ईमेल पत्ता चुकलाय, तो बदलून द्या, असं टिकेट, म्हणजे कामाची नोंद, माझ्याकडे आलं. किरकोळ काम. मी थेट चालू डेटाबेसमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या माहितीच्या साठ्यात, शिरले आणि कमांड लिहिली. 'ईमेलच्या रकान्यात हा पत्ता टाक' एवढं लिहिलं. 'कुणाच्या' ते लिहायचं राहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर 'व्हेअर' राहिलं. एंटर दाबलं. पडद्यावर यायला हवं होतं, एक ओळ बदलली. आलं, आठ हजारांवर ओळी बदलल्या.

म्हणजे त्या साइटवरच्या प्रत्येक माणसाचा ईमेल आता एकच होता. पुढच्या दहा मिनिटांत त्या बिचाऱ्या ग्राहकाला परक्या माणसांच्या पासवर्डच्या मेल जायला लागल्या. माझ्या कानात नुसतं गुंईं झालं होतं. कुणाला न सांगता काही करता येईल का, हा विचार मनात आला. आला होता, खोटं कशाला बोलू! मग उठले आणि आमच्या टीम लीडच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. 'माझ्याकडून चुकलं,' एवढंच म्हणता आलं.

त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, 'खुर्ची ओढ. आता सांग, कमांड नेमकी काय दिलीस? शब्दन् शब्द.' साइट बंद करून 'देखभाल चालू आहे'ची पाटी लावली. आदल्या रात्रीचा बॅकअप काढला, त्यातून ईमेलचा रकाना परत भरला, आणि त्या दिवशी नव्यानं आलेल्या लोकांचे पत्ते आम्ही दोघांनी लॉग, म्हणजे यंत्रणेच्या नोंदी, चाळून एकेक करून हातानं टाकले. मधेच क्लायंटचा फोन आला. ते फोनवर म्हणाले, 'चूक आमच्याकडून झाली आहे.' 'आमच्या एका नव्या मुलीकडून' असं म्हणाले नाहीत. मी तो फोन शेजारी बसून ऐकला.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. मला वाटलं, आता माझी हजेरी घेतली जाणार. पण पहिला प्रश्न असा आला, की दोन महिन्यांच्या मुलीच्या हाती चालू डेटाबेसची किल्ली गेलीच कशी? ती परवानगी त्याच दिवशी काढली, माझीच नाही, सगळ्यांचीच. यापुढे आधी ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, म्हणजे बदल कच्चा ठेवायचा, किती ओळी बदलल्या ते बघायचं, दुसऱ्या माणसाला दाखवायचं, मगच ते पक्कं करायचं. आकडा चुकला तर सरळ मागे फिरायचं. आणि घडलेलं सगळं एका फाइलमध्ये तारीख-वेळेसकट लिहून ठेवलं, फक्त कुणाचं नाव घातलं नाही.

या प्रकाराचं जगजाहीर उदाहरण म्हणजे गिटलॅब ही कंपनी. प्रोग्रॅमर आपला कोड तिच्याकडे साठवतात. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री त्यांच्या एका इंजिनियरनं एका सर्व्हरवरची माहिती पुसायची होती, ती चुकून दुसऱ्या, म्हणजे मुख्य सर्व्हरवरची पुसली. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, हात थांबवला, पण सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, म्हणे. त्या वेळी पाचांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. वाचवलं ते सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी काढलेल्या एका प्रतीनं. त्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच. पण त्यांनी केलं काय? दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आपल्या नोंदी सगळ्या जगापुढे उघड्या ठेवल्या, आणि खापर त्या इंजिनियरवर न फोडता पद्धतीतली भोकं एकेक करून लिहून काढली. बॅकअप घेणं आणि तो परत भरून बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या रात्रीनंतर आमच्या धंद्यातल्या अनेकांनी आपापल्या कंपनीत जाऊन तपासलं. आम्हीही तपासलं. काय सापडलं ते विचारू नका.

नोकरीच्या जाहिरातीत हल्ली 'आमची संस्कृती' म्हणून एक परिच्छेद असतो. कुटुंबासारखं वातावरण, खेळायला टेबल, शुक्रवारी मौजमजा. मला शुक्रवार म्हटलं की एकच आठवतं: संध्याकाळी साइटवर नवं काही लाइव्ह करू नये. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी सांगते, शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं ते म्हणतील, तेव्हा विचारा, की मागच्या वेळी साइट बंद पडली तेव्हा काय झालं होतं? उत्तरात आधी माणसाचं नाव येतं की घटना, तेवढं ऐका.

आमची ती फाइल अजून आहे. बरीच जाड झालीय. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ती त्याला वाचायला देतात. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा रुजू झाला, माझ्याच शेजारी बसतो. दुपारपर्यंत वाचून झाली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, 'मॅडम, ते आठ हजार ईमेलवालं… कुणी केलं असेल हो?'

'मी,' म्हटलं.

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्ची सरकवत म्हणाला, 'मॅडम, सकाळपासून एक विचारायचं होतं. मला लॉगिनच करता येत नाहीये.'