कचरा वेचणाऱ्या हातांचा हवामानाशी संबंध

नमस्कार श्रोतेहो. पुण्यात राहत असाल, तर तुमच्या दारातून ओला-सुका नेणाऱ्या ताई बहुधा ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासद असतील. आज त्यांच्याविषयी बोलतो.

१९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तोवर या बायका कुंड्या उपसायच्या, वर चोरीचा आळ सोसायच्या. संघटनेनं ओळखपत्रं मिळवून दिली. २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला आणि ‘स्वच्छ’च्या बायका घरोघरी हक्कानं जाऊ लागल्या.

आता हवामानाकडे येऊ. ओला कचरा डेपोत ढिगाखाली दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २५हून अधिक पट तापवतो. ओलं वेगळं राहिलं, तर त्याचं खत होतं. सुक्याचा हिशेब याहून मोठा आहे. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा धातू करायला खनिजापासून काढण्याच्या मानानं सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. पण त्यासाठी तो डबा कुणीतरी कचऱ्यातून उचलावा लागतो! पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. बाटली एका प्लास्टिकची आणि तिचं झाकण दुसऱ्याचं. हे सगळं ताई बसल्या जागी, बोलता बोलता निवडतात. भंगार दुकानात जो भाव मिळेल तो त्यांचा.

मला खटकतं ते पुढचं. दिल्लीत ओखल्याला कचरा जाळून वीज करणारा कारखाना आहे. हवामानबदल रोखण्यासाठी देशादेशांत झालेल्या क्योटो कराराखालच्या स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे कार्बन क्रेडिटच्या (वायू कमी सोडल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या श्रेयाच्या) योजनेत, त्याची नोंद झाली. आपला ओला कचरा धड जळत नाही. भट्टीला हवा असतो कागद आणि प्लास्टिक, नेमका वेचकांच्या पोटाचा माल. प्लास्टिक तर खनिज तेलाचंच अपत्य. ते जाळायचं आणि हवामान वाचवल्याचं श्रेय घ्यायचं, हा कुठला न्याय? कचरावेचकांनी विरोध केला, तरी २०१२ मध्ये कारखाना सुरू झालाच.

तेव्हा तुमच्या शहरात असा प्रकल्प येणार असेल, तर नगरसेवकाला एवढंच विचारा: भट्टीत काय जाणार, आणि आज ते कोण विकतंय? आणि हो, आमटीत भिजलेल्या रद्दीला भंगारवाला भाव देत नाही. रद्दी कोरडीच द्या.