पेनड्राइव्हचं बारसं

(पडद्यावर: लॅपटॉपच्या कडेला शिरणारा पेनड्राइव्ह, अगदी जवळून. संगीत नाही.)

खट्.

पेनड्राइव्ह लावला आणि दोन-तीन सेकंदांत पडद्यावर त्याचं चित्र उमटलं. तेवढ्या वेळात हातातला चहाचा कप तोंडापर्यंतही जात नाही. पण तेवढ्यात लिनक्सच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, घरात एक पाहुणा आला, त्याची कसून चौकशी झाली, त्याला सांभाळणारा शोधला गेला आणि त्याचं बारसंही उरकलं.

जरा सावकाश पाहू.

यूएसबीच्या डेटा तारेवर दीड किलो-ओहमचा एक रोध असतो. तो तारेवरचं व्होल्टेज वर ओढतो, आणि पोर्टला कळतं की कुणीतरी आलंय. या नव्याला अजून पत्ता नाही, म्हणून तो शून्य क्रमांकाच्या पत्त्यावरून बोलतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो आणि विचारतो, तू कोण? उत्तर येतं अवघ्या १८ बाइटचं.

(पडद्यावर: काळ्या पाटीवर दोन आकडे. ०७८१. ५५६७.)

पहिला आकडा कंपनीचा, सॅनडिस्क. दुसरा मॉडेलचा, क्रूझर ब्लेड. पाठोपाठ तो आपला वर्गही सांगतो: ०८, म्हणजे साठवणीचं यंत्र.

आता ड्रायव्हर हवा, म्हणजे या यंत्राशी बोलून त्याला सांभाळणारा प्रोग्रॅम. त्यासाठी कर्नल चक्क दवंडी पिटतो. अमुक बनावटीचं, अमुक वर्गाचं यंत्र दाराशी आलंय हो! ही दवंडी ऐकायला कर्नलच्या बाहेर एक प्रोग्रॅम कान देऊन बसलेला असतो. त्याचं नाव यूडेव्ह. ड्रायव्हर कुठकुठल्या आकड्यांना ओळखतात याची यादी डिस्कवर तयारच असते. तिच्यात जुळणी सापडली की साठवणीचा ड्रायव्हर आत घेतला जातो. कंपनी अनोळखी असली तरी बिघडत नाही, वर्ग ०८ असला की पुरे. लिनक्सवर पेनड्राइव्हसोबत ड्रायव्हरची सीडी लागत नाही ती यामुळे.

इथे एक गंमत आहे. हा ड्रायव्हर पेनड्राइव्हला पुढे करतो तो स्कझी डिस्क म्हणून. स्कझी हे १९८०च्या दशकातलं, मोठ्या संगणकांच्या जाडजूड केबलींचं तंत्र. केबली गेल्या, भाषा उरली. म्हणून नावात आजही 'एसडी' येतं: स्कझी डिस्क. लॅपटॉपमधल्या साटा डिस्कचीही तीच कथा.

आणि नावापाशी आलो की भांडणापाशी आलो.

(पडद्यावर: टर्मिनलची खिडकी. फाइलींची यादी सरसर वर जाते, संपतच नाही.)

युनिक्सची, म्हणजे लिनक्स जिच्या वळणावर गेलं त्या जुन्या प्रणालीची, रीत अशी, की यंत्र म्हणजे फाइल. या फाइली 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये नांदतात. मराठी माणूस ती तीन रोमन अक्षरं पहिल्यांदा 'देव' अशीच वाचतो, त्यालाही हरकत नाही. फाइलीच्या आत मजकूर नसतो, फक्त दोन आकडे असतात. पहिला सांगतो ड्रायव्हर कोणता, दुसरा सांगतो त्याच्या हाताखालचं कितवं यंत्र. पहिली डिस्क एसडीए: ८, ०. दुसरी एसडीबी: ८, १६.

पूर्वी या फाइली आधीच करून ठेवलेल्या असत. जगात जे जे यंत्र असू शकेल त्या प्रत्येकाची. न जन्मलेल्या हजारो पोरांची नावं पाळण्यावर लिहून ठेवावीत, तसं. शिवाय दोन्ही आकडे ८-८ बिटांचे, म्हणजे २५६च्या पुढे मजल नाही. यूएसबी आल्यावर यंत्रं वाटेल तेव्हा येऊ-जाऊ लागली आणि ही व्यवस्था कोलमडली.

२००० साली रिचर्ड गूच यांचं डेव्हएफएस कर्नलमध्ये आलं. यंत्र आलं की फाइल जन्मणार, गेलं की पुसली जाणार. कल्पना चांगलीच होती, पण नाव ठेवायचा मक्ता कर्नलकडे गेला. माझ्या मते खोट तिथेच होती. घरात कोणत्या प्रिंटरला काय म्हणायचं, हे गाभ्यात बसलेल्या कोडने का ठरवावं?

२००३ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह मांडलं. कर्नलने फक्त सांगायचं, बाळ झालं. नाव बाहेरचा प्रोग्रॅम ठेवणार, तेही साध्या मजकुरात लिहिलेल्या नियमांनुसार, जे संगणकाच्या मालकाला वाचता येतील आणि बदलताही येतील. आपल्याकडे जन्म आई देते आणि कानात नाव आत्या सांगते, तशी ही वाटणी. डेव्हएफएस २००६ मध्ये कर्नलमधून काढून टाकलं गेलं.

भांडण मिटलं म्हणावं, तर २००९ मध्ये कर्नलने फाइल करण्याचं काम पुन्हा अंगावर घेतलं. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून. आज एसडीबी हे पाळण्यातलं नाव कर्नलच देतो. आत्या मात्र परवानग्या लावते आणि जास्तीची नावं जोडते. तिचीच नावं खरी कामाची.

कारण एसडीबीचा भरवसा नाही. उद्या आधी दुसरी डिस्क सापडली, तर तीच एसडीबी. म्हणून यूडेव्ह डिस्कवरचा यूयूआयडी, म्हणजे तिची एकमेव अशी ओळखखूण, वाचतं आणि त्या नावाची खूण खऱ्या फाइलीकडे वळवून ठेवतं. अक्षरं बदलोत, खूण योग्य डिस्कवरच पोचते.

(पडद्यावर: टेबलावर दोन सारखे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, दोन निळ्या केबली.)

शेवटी आत्याची परीक्षा. हे दोन बोर्ड. एक पाण्याच्या टाकीची पातळी मोजतो, दुसरा पंप चालवतो. संगणक बंद करून चालू केला, की कधी हा शून्य क्रमांकाचा, कधी तो. टाकीसाठीचा निरोप पंपाला जाण्याची ही नामी सोय. सीरियल नंबरवरून नाव ठेवावं, तर अशा स्वस्त बोर्डांवर हमखास असणाऱ्या, यूएसबीशी बोलणं जमवणाऱ्या सीएच ३४० चिपमध्ये बहुधा तो नंबरच नसतो. कंपनी तीच, मॉडेल तेच, अगदी जुळे.

मग नियम पोर्टवरून लिहायचा. डावीकडच्या पोर्टात जो असेल तो 'टाकी', उजवीकडचा 'पंप'. गावावरून आडनाव ठेवावं तसं. केबली तेवढ्या जागच्या जागी ठेवायच्या. अदलाबदल झाली, की सातारकराचा कोल्हापूरकर झालाच.