गाण्याला नाव हवं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या घरांतली गाणी एका भाषेत मावत नाहीत. पंढरीचे अभंग असतात, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं असतात, पूर्व भागात तेलुगू सिनेमाची गाणी असतात आणि कव्वालीही असते. हे सगळं कॅसेटवरून सीडीवर गेलं, मग मोबाइलच्या दुकानातून भरून आणलेल्या मेमरी कार्डावर आणि शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर येऊन पडलं. आता तिथं ‘ट्रॅक ०१’ नावाच्या ढीगभर फायली आहेत, एकेक गाणं तीन-तीनदा आहे आणि गायकाच्या जागी कुठल्या तरी वेबसाइटचं नाव चिकटलेलं आहे. हा पसारा आवरता येतो.

आधी सगळ्या गाण्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क बाजूला ठेवा. त्याशिवाय एकही फाइल पुसू नका.

मग दुहेरी फायली बघा, पण नुसत्या नावावर जाऊ नका, कानानं ऐका. एकच गाणं १२८ केबीपीएसचं आणि ३२०चं असेल (आवाजाच्या दर सेकंदाला किती माहिती साठवली आहे त्याचा हा आकडा), तर सहसा ३२०चं ठेवावं. सहसा म्हणतो, कारण कुणीतरी १२८चीच फाइल ३२०मध्ये बदलून ठेवलेली असू शकते. तिचा आकार फुगतो, आवाज सुधारत नाही. एमपीथ्री करताना जे एकदा गाळलं गेलं ते परत येत नाही. आणि एकच अभंग मैफलीत गायलेला वेगळा, स्टुडिओत गायलेला वेगळा. ती दुहेरी फाइल नव्हे. दोन्ही जपा.

खरं काम नावांचं. फाइलचं नाव एक असतं आणि फाइलच्या आत गाण्याची माहिती वेगळी साठवलेली असते, तिला टॅग म्हणतात. १९९६ साली टॅग आले तेव्हा सगळ्या माहितीला मिळून १२८ बाइट जागा होती, त्यातली गाण्याच्या नावाला ३०. देवनागरीची सोयच नव्हती. १९९८च्या पुढच्या आवृत्तीत युनिकोड, म्हणजे निरनिराळ्या लिप्या कॉम्प्युटरवर लिहायची पद्धत, आलं आणि आपली लिपीही त्यात बसली. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, मराठी गाण्याचं नाव देवनागरीतच लिहा. रोमनमध्ये एकाच गायिकेचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं, की कॉम्प्युटर तिला तीन गायिका समजतो.

विंडोजवर ‘एमपीथ्रीटॅग’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात फोल्डरभर गाण्यांचे टॅग एकदम दुरुस्त होतात. सिनेमाच्या गाण्यांना एक गोष्ट न विसरता करा: ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात सगळ्या गाण्यांना संगीतकाराचं एकच नाव द्या. नाहीतर जितके गायक तितके त्या सिनेमाचे तुकडे होतात. गीतकारालाही रकाना आहे. तो रिकामा ठेवू नका. ज्यानं शब्द लिहिले त्याचं नाव सगळ्यात आधी पुसलं जातं, आणि ते मला सहन होत नाही.

‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ हाही मोफत प्रोग्राम. तो गाण्याच्या ध्वनीचा ठसा घेतो, मोठ्या माहितीसाठ्याशी ताडून पाहतो आणि नाव सुचवतो. गाजलेल्या गाण्यांना तो उपयोगी पडतो. पण तुमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची कॅसेट, आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, मोडनिंबला कुणी टेप केलेली बैठकीची लावणी, हे त्या साठ्यात कुठून असणार? ते फक्त तुमच्या घरात आहे, आणि कोण गातंय हे घरातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून सिनेमाची गाणी मागं राहू द्या. आधी या कॅसेट काढा. पत्र्याच्या घरातलं मे महिन्याचं ऊन टेपला मानवत नाही. टेपरेकॉर्डर तारेनं कॉम्प्युटरला जोडा, ‘ऑडॅसिटी’ नावाच्या प्रोग्राममध्ये आवाज उतरवा आणि मूळ प्रत ‘फ्लॅक’ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. त्यात आवाजातलं काहीच गाळलं जात नाही. रोज ऐकायला त्यावरून एमपीथ्री करा.

आणि ती ऐकताना आजोबांना शेजारी बसवा. पेटी कुणाची, पखवाज कुणाचा, कुठल्या सप्ताहातलं, साल कोणतं, ते सांगतील ते सगळं टॅगमधल्या ‘कॉमेंट’च्या रकान्यात लिहा. साल नक्की आठवत नसेल तर ‘गिरणी चालू असताना’ एवढं लिहिलं तरी चालेल.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाणं संपताच तिनं स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या. तिथल्या माणसांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते त्यावरून कळे. आजही ही रीत उत्तम आहे. घरी कुणाचं गाणं मोबाइलवर घेणार असाल, तर गाण्याआधी नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या. टॅग उडाला तरी ते आवाजातच राहील. काम झालं, की सगळ्याची एक प्रत सोलापूरबाहेर, पुण्याला किंवा हैदराबादला असलेल्या नातेवाइकांकडे ठेवायला द्या.

नमस्कार.