दहा हजारांचा आकडा कुणी ठरवला?

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांना पुन्हा उठतं-चालतं करण्यात माझा दिवस जातो. अलीकडे येणारी बरीच माणसं खुर्चीत टेकायच्या आधीच खिशातून मोबाइल काढतात आणि पावलांचा आकडा माझ्यापुढे धरतात. काही खुशीत असतात, पण जास्त जण गुन्हा कबूल करावा तशा आवाजात म्हणतात, "काल फक्त चार हजारच झाली हो." मला आज बोलायचंय ते ह्या 'फक्त'बद्दल.

चार हजार कमी कशाच्या तुलनेत? दहा हजारांच्या. आणि दहा हजार कुठून आले? १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं. त्यानंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती आणि १९६५ मध्ये तिथे कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं एक छोटं यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', अर्थ 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा गोल होता, लक्षात राहण्यासारखा होता, म्हणून टिकला. पुढे तो मनगटावरच्या पट्ट्यांत शिरला, मग मोबाइलमध्ये, आणि आता तो आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलाय.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र फायदा फारसा वाढला नाही. मुळात धडधाकट असलेली बाई जास्त चालणार, हेही त्यात मिसळलेलं असतं, ते मी नाकारत नाही. पण ते चार हजार 'फक्त' नाहीत, एवढं तर कळतं! जागतिक आरोग्य संघटना तर पावलांचा आकडा सांगतच नाही. २०२० च्या तिच्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अटही त्यात काढून टाकली.

आता मोबाइल मोजतो कसा, ते जरा थांबून बघू, कारण इथेच माणसं दुखावली जातात. मोबाइलला तुमचं पाऊल दिसत नाही. त्याच्या आत हिसके ओळखणारा एक सेन्सर असतो. टाच जमिनीला टेकली की शरीराला बारीकसा धक्का बसतो, आणि ठरावीक लयीत असे धक्के आले की ॲप म्हणतं, हा माणूस चालतोय.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे एक आजी येत होत्या. वॉकर धरून, पाय घासत, घामाघूम होऊन त्या वीस मिनिटं चालल्या. फोन खिशातच होता. नातवाने काढून बघितला तर पावलं जेमतेम शंभर. आजींनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "म्हणजे मी चाललेच नाही का?" हळू आणि घासत टाकलेल्या पावलाला धक्काच नसतो, त्यामुळे सेन्सरला ते कळत नाही. सगळ्यात जास्त कष्ट ज्यांना पडतात, त्यांचीच पावलं हे यंत्र गाळतं. आम्ही त्या दिवशी पावलं बंद केली आणि फोनमधलं टायमर लावलं. मिनिटं कुणी खाऊ शकत नाही.

मग ॲप टाकून द्यायचं का? मुळीच नाही. २००७ मध्ये पावलं मोजणाऱ्या यंत्रांवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा यंत्र वापरणारे इतरांपेक्षा दिवसाला सुमारे अडीच हजार पावलं जास्त चालले, असं दिसलं. ज्यांच्यापुढे ठरवलेलं लक्ष्य होतं त्यांचीच चाल वाढली होती, हेही महत्त्वाचं. २०२१ मध्ये ॲप आणि पट्ट्यांवरच्या २८ चाचण्या मिळून पाहिल्या, तेव्हा वाढ साधारण १,८५० पावलांची निघाली. ही मोठी गोष्ट आहे. कुणी औषध न घेता, कुणाच्या धाकाशिवाय ती झाली.

फक्त ती टिकवावी लागते. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा चालत फिरून खेळायचा मोबाइलवरचा खेळ आला तेव्हा माणसं फोन हातात धरून रस्तोरस्ती फिरू लागली. एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात दिवसाला सुमारे ९५० पावलं वाढलेली दिसली. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे पुन्हा मूळ जागी. नव्याचे नऊ दिवस. 'चला, जरा फिरून या' असे सतत येणारे निरोपही असेच बोथट होतात.

म्हणून मी सांगते, पहिला आठवडा काहीच बदलू नका. फोन जवळ ठेवा, नेहमीसारखं जगा, आणि शेवटी सात दिवसांची सरासरी बघा. ती तीन हजार आली तर तुमचं पुढचं लक्ष्य साडेतीन हजार. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते इथेही. ॲपने आधीच भरून ठेवलेलं दहा हजारांचं लक्ष्य सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने बदला. ते बदलता येतं हेच अनेकांना ठाऊक नसतं.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती म्हणजे सलग दिवसांची साखळी. चाळीस दिवस चाललेला माणूस तापाने आडवा पडतो, साखळी तुटते, पडद्यावर शून्य येतं. बरा झाल्यावर तो परत चालायला लागत नाही, कारण त्याच्या लेखी सगळंच गेलेलं असतं. अंगात मुरलेले चाळीस दिवस कुठेही गेलेले नसतात, पण पडदा तसं सांगत नाही. काही कंपन्यांनी अलीकडे मधे विसावा घ्यायची सोय दिली आहे, ती सेटिंगच्या तळाशी कुठेतरी असते. ॲप बनवणारे कुणी इथे बसले असतील तर त्यांना माझी विनंती आहे: 'आज बरं नाही' असं बटण पहिल्याच पडद्यावर ठेवा, आजींना चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठं.