भाकरी कुणी बांधून दिली?

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी उपासनेची पहिली घंटा व्हायच्या आधी आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत सतरंज्या पसरतात. दाराशी चपलांचा ढीग पडतो आणि आत पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुलं दाटीवाटीनं बसतात. आम्ही नगरकडची जुनी माणसं या वर्गाला शब्बाथशाळा म्हणतो, मुलं संडे स्कूल म्हणतात. मी तिथं सव्वीस वर्षं शिकवते आहे. मुलांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या मुलांनीच हळूहळू शिकवलं. त्याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

या शाळेचा उगम गरिबांच्या वस्तीतला आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात 1780 साली रॉबर्ट रेक्स यांनी कामकरी मुलांसाठी रविवारचे वर्ग काढले. आठवड्याचे सहा दिवस ती मुलं राबायची, मोकळा दिवस एवढाच. त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवायचे, आणि वाचायला पुस्तक कोणतं, तर बायबल. अक्षरओळख आणि धर्मशिक्षण एकाच बाकावर बसलं. आमच्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं काम 1831 साली सुरू झालं, तेव्हाही शाळा आणि उपासना अशा हातात हात घालूनच आल्या. त्या मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि पुण्याला परतून मुलींची शाळा काढली, हे तुम्ही ऐकलेलं असेल.

मी शिकवायला लागले तेव्हा माझा सगळा भर पाठांतरावर होता. वचन, म्हणजे बायबलमधली एखादी ओळ, पाठ केलं की रंगीत चित्राचं कार्ड, आणि वर्षाअखेरीस सर्वांत जास्त वचनं म्हणणाऱ्याला बक्षीस. पाठांतराला मी आजही कमी लेखत नाही. तेविसावं स्तोत्र लहानपणी तोंडात बसलं की जन्मभर सोबत करतं, दवाखान्याच्या खाटेवरही आठवतं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या ओळीचा अर्थ तर आमच्या मुलांना फोडून सांगावाच लागत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन निघालेली कुटुंबं, रस्त्यानं जातात. दमलेलं कोकरू खांद्यावर घेतलेला बाबा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

पण एका वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा यायचा बंद झाला. त्याच्या घरी गेले, तर आई म्हणाली, “त्याला वाचता येत नाही बाई. सगळ्यांना कार्ड मिळतं, त्याला मिळत नाही.” मी घरी येऊन खूप रडले. ‘बालकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे वचन मीच वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं. त्या वर्षापासून बक्षिसं बंद केली.

मग आम्ही सेवेकडे वळलो, आणि तिथंही आधी चुकलोच. नाताळच्या आठवड्यात मुलांच्या हाती धान्याच्या पिशव्या दिल्या आणि एकट्या राहणाऱ्या आजीबाईंच्या दारात रांगेनं उभं केलं. फोटो काढला. आजींनी पिशवी घेतली, पण मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाठून विचारलं, “बाई, द्यायला आला होतात की दाखवायला?” उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये, असं प्रभू येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. तो धडा मी कितीतरी वेळा शिकवला होता.

आता आमची मुलं रिकाम्या हातानं जातात. आजींना पाणी भरून देतात, गोळ्यांच्या पाकिटावरची वेळ वाचून दाखवतात, आणि गोष्ट ऐकून येतात. धान्याची रीत आम्ही मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांकडून उचलली. 1910च्या सुमारापासून त्या रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामासाठी बाजूला काढतात. आमच्या मुलांच्या घरी एकेक डबा आहे. त्यात बाजरीची मूठ पडते, कधी गव्हाची. कुणाच्या घरून किती आलं, ते आम्ही लिहीत नाही. सगळं एकाच पोत्यात ओततो.

मुलांच्या हातांवर विश्वास ठेवायचं बळ मला पंडिता रमाबाईंकडे पाहून आलं. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सांभाळल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायला त्यांनी स्वतः घेतलं, आणि त्याच्या छपाईचं काम मुक्तीतल्या बायका-मुलींनी केलं. ज्या शास्त्राचे धडे घ्यायचे, त्याचे छपाईचे खिळे त्याच हातांनी जुळवायचे! माझ्या नजरेसमोरून ते चित्र हलत नाही.

मागच्या मे महिन्यात, सुट्टीतल्या बायबल शाळेत, आम्ही पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट घेतली. एवढ्याशा अन्नात पाच हजार पुरुषांना येशूनं जेवू घातल्याचं चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं, सांगतात, पण भाकरी एका लहान मुलाजवळ होत्या हे त्या चौघा लेखकांतला एकटा योहानच सांगतो. त्या भाकरी जवाच्या होत्या, गरिबाच्या घरच्या. आणि सगळे जेवून उठल्यावर येशू म्हणतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ नये. मुलांना मी नेहमी इथं थांबवते. तेव्हापासून प्रीतिभोजनानंतर, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांच्या एकत्र जेवणानंतर, पत्रावळी उचलायचं आणि उरलेलं अन्न बांधून पोचवायचं काम त्यांचंच आहे.

त्या दिवशी मागच्या रांगेतल्या नऊ वर्षांच्या मुलीनं हात वर केला. “बाई, त्याला भाकरी कुणी बांधून दिली होती?”

सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हटलं, “आईनंच दिली असेल.” ती म्हणाली, “मग तिचं नाव का नाही?”

उत्तर माझ्याजवळ नव्हतं, तसं मी तिला सांगितलं. पुढच्या प्रीतिभोजनाच्या दिवशी पहाटे चर्चच्या आवारात बायका चुली पेटवून बसल्या होत्या, आणि ही मुलगी आईचा हात धरून आली. परातीपुढं बसली, पीठ मळलं. पहिली भाकरी हातातच तुटली, दुसरी तव्यावर. शेजारच्या मावशींनी काही न बोलता तिच्या पुढ्यात पिठाचा आणखी एक गोळा ठेवला. त्या मावशी चाळीस वर्षं आमच्या प्रीतिभोजनाच्या भाकऱ्या करत आल्या आहेत. मुलीनं त्यांचं नाव विचारून घेतलं आणि रविवारी वर्गात सगळ्यांना सांगितलं.

नमस्कार.