हंगाम असेल तर प्रेक्षक येतो

(कोल्हापुरात कुस्तीशौकिनांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात नोव्हेंबर निम्मा सरला की मक्याची काढणी आटोपते. शेतं मोकळी पडतात. डिसेंबरात साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि पारा शून्याखाली गेला की दिवसेंदिवस वर येत नाही. नेमक्या याच दिवसांत तिथल्या शाळा-कॉलेजांच्या खेळगृहांचे दिवे लागतात. मी मूळचा या मातीतला, त्यामुळे परक्या राज्यात गेल्यावर मला कुस्ती सापडली याचं तुम्हाला नवल वाटणार नाही. मला नवल वाटलं ते प्रेक्षकांचं. बाहेर बर्फ पडत असताना कॉलेजच्या पोरांची कुस्ती बघायला दहा-पंधरा हजार माणसं तिकीट काढून येतात. का येतात, हे समजून घेण्यात माझे तिथले हिवाळे गेले. आज बोलायचंय ते त्याविषयीच.

आधी थोडा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आयोवा हे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं लहान राज्य. लोकसंख्या सुमारे ३२ लाख, म्हणजे आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी या चारही खेळांच्या अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये या राज्याचा एकही संघ नाही. त्यामुळे शेतकरी असो, शिक्षक असो, ट्रक चालवणारा असो, त्याचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ. तो स्वतः त्या विद्यापीठात शिकलेला असेलच असं नाही.

अमेरिकन फुटबॉलविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याचा गाजावाजा करणारे पुष्कळ आहेत. आयोवा सिटीतलं आयोवा विद्यापीठाचं किनिक स्टेडियम जवळजवळ ७० हजार माणसांचं. शेजारीच विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७पासून तिथे एक प्रथा पडली. सामन्याच्या चार भागांपैकी पहिला संपला की अख्खं स्टेडियम वळून रुग्णालयाकडे हात हलवतं. प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडूसुद्धा हलवतात. काचेमागे आजारी मुलं आणि त्यांचे आईबाप उभे असतात. मला वाटतं, खेळाच्या जगात याहून चांगली प्रथा आज कुठे नसेल. आणि ती तिथेच पडू शकली, कारण मैदान, रुग्णालय, विद्यापीठ आणि गाव ही सगळी एकाच जागी आहेत.

आता कुस्ती. ती होते कार्व्हर-हॉकआय अरिनात. हे खेळगृह उताराच्या जागेत खोलगट बांधलंय. तुम्ही दारातून आत शिरता ते सगळ्यांत वरच्या बाजूला, आणि पायऱ्या उतरत खाली गादीकडे जाता. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा मला शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग आठवलं. तिथेही कुठेही बसा, हौदा दिसतो.

तिथली कॉलेजची कुस्ती ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइलपेक्षा वेगळी. कुस्ती सात मिनिटांची, तीन, दोन आणि दोन अशा तीन भागांत. पट काढून खाली नेलं की तीन गुण, खालून सुटलं की एक, आणि खालच्याने उलटून वर ताबा घेतला की दोन. फ्रीस्टाइलमध्ये खालचा मल्ल घट्ट पोटावर पडून राहिला तर पंच थोड्या वेळात दोघांना उभं करतात. इथे तसं नाही. खाली गेलास ना, मग सुटायचं ते तुझं तू. वरच्याने एकूण मिनिटभर जास्त कब्जा ठेवला तर शेवटी त्यालाच आणखी एक गुण मिळतो. त्यामुळे जमिनीवरची कुस्ती इतकी कसदार होते की आपल्या जुन्या वस्तादांनी ती मांडी घालून बघितली असती.

पण खरी गंमत संघांच्या लढतीत आहे. तिला ते ‘ड्युअल’ म्हणतात. दोन विद्यापीठं, दहा वजनगट, १२५ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ५७ ते १२९ किलो. एकामागून एक दहा कुस्त्या, दोन तासांत निकाल. साधा विजय मिळाला तर संघाला तीन गुण. फरक आठ किंवा जास्त गुणांचा असेल तर चार. पंधराचा फरक झाला की कुस्ती तिथेच थांबते आणि पाच मिळतात. चीतपट केलं तर सहा. आता बघा काय होतं. एखादा पोरगा सात गुणांनी मागे आहे, अर्धं मिनिट उरलंय, जिंकण्याची आशा संपलीय. आपल्या मैदानात लोक इथे पुढच्या जोडीकडे बघायला लागतील. तिथे मात्र सगळे उठून उभे राहतात, कारण त्याने आणखी एक पट दिला नाही तर संघाचा एक गुण वाचतो, आणि दहाव्या कुस्तीनंतर तोच एक गुण निकाल फिरवू शकतो. हरणाऱ्या मल्लाच्या बचावाला एवढी दाद मी दुसऱ्या कुठल्याही कुस्तीत ऐकलेली नाही.

या प्रेक्षकाला घडवणाऱ्या माणसाचं नाव डॅन गेबल. आयोवातल्याच वॉटरलूचा. कॉलेजच्या सबंध कारकिर्दीत तो एकदाच हरला, तेही १९७०मध्ये शेवटच्या कुस्तीत, राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत. हरवणारा होता वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये गेबलने सुवर्णपदक मिळवलं ते एकही गुण न देता. पुढे १९९७पर्यंत तो आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक होता आणि त्याच्या हाताखाली संघाने १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०१५च्या नोव्हेंबरात आयोवा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची लढत फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये उघड्यावर झाली, तेव्हा ४२,२८७ माणसं आली होती. निकाल होता १८-१६. आता वरचा गुणांचा हिशेब पुन्हा आठवा.

दुसरी गोष्ट मुलींच्या बास्केटबॉलची. केटलिन क्लार्कचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. आयोवाचीच मुलगी, आयोवा विद्यापीठातूनच खेळली, आणि ३,९५१ गुणांवर थांबली. कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत इतके गुण कुणा पुरुषाचेही नाहीत. २०२४मध्ये तिच्या संघाचा अंतिम सामना साउथ कॅरोलायनाशी झाला. आयोवा हरली, पण टीव्हीवर तो सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. हे पहिल्यांदाच घडलं. पुष्कळ जण म्हणाले, एका मुलीने जादू केली. मला ते पटत नाही. तिचं कौतुक आहेच, पण तिच्यासाठी भरलेला प्रेक्षक शंभर वर्षं तयार होत होता.

आयोवाच्या खेड्यांत मुलींचा सहा जणींचा बास्केटबॉल असायचा. तिघी पुढे, तिघी मागे, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. एका वेळी चेंडू दोनदाच आपटता येई. मुलींची राज्य स्पर्धा १९२०पासून सुरू झाली आणि सहा जणींचा हा खेळ १९९३पर्यंत चालला. काढणी झालेली, गावाला काम कमी, शाळा लहान, आणि संघ मुलींचा. सगळं गाव सामन्याला जायचं. १९६८च्या राज्य अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेने एव्हरलीला जादा वेळेत ११३-१०७ असं हरवलं. युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँगने ६४ गुण केले आणि एव्हरलीच्या जेनेट ओल्सनने ७६. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने डेनिस लाँगची निवड केली. लीगने ती रद्द केली, तो भाग वेगळा. पण ज्यांच्या आज्यांनी हे सामने खेळलेत, त्या घरांत मुलींचा खेळ बघायला चला म्हणून कुणाला आग्रह करावा लागत नाही. म्हणूनच २०२३च्या ऑक्टोबरात किनिकमध्ये महिलांचा एक मैत्रीपूर्ण सामना ठेवला तर ५५,६४६ लोक आले.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो, आणि तो खराखुरा राग आहे.

आयोवा ज्या गटात खेळते तो ‘बिग टेन’ १८९६पासूनचा. शेजारच्या राज्यांतली विद्यापीठं, बसने जाता येईल असं अंतर, आजोबांपासूनची चुरस. टीव्हीच्या पैशांसाठी तो पसरत गेला आणि २०२४पासून त्यात १८ विद्यापीठं आहेत, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत, एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत. हे केलं फुटबॉलसाठी. फुटबॉलचा संघ वर्षात डझनभर सामने खेळतो, तोही बहुतेक शनिवारी, खास विमानाने. पण बास्केटबॉलच्या मुली आठवड्यात दोनदा खेळतात आणि सोमवारी सकाळी त्यांना वर्गात बसायचं असतं. नव्याने आलेल्या चार विद्यापीठांपैकी एकाकडेही कुस्तीचा संघ नाही. त्यातलं एक वॉशिंग्टन. ज्याने गेबलला हरवलं, त्या ओविंग्जच्या विद्यापीठात आज कुस्तीच नाही. आणि पॅसिफिकच्या काठचं स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळतं.

स्टॅनफर्डचं नाव निघालंय तर हेही सांगायला हवं. २०२०मध्ये त्या विद्यापीठाने ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्यात कुस्ती होती. पुढच्या मार्चमध्ये त्यांचा शेन ग्रिफिथ हा मल्ल राष्ट्रीय विजेता झाला, तोही विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह नसलेला साधा काळा पोशाख घालून. दोन महिन्यांत विद्यापीठाला निर्णय मागे घ्यावा लागला. एवढ्या श्रीमंत विद्यापीठात ही स्थिती, मग बाकीच्यांचं काय?

खेळाडूंना पैसे मिळायला लागले याला माझा विरोध नाही, उलट फार उशीर झाला असं माझं मत आहे. २०२१पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलरही घेता येत नसे आणि त्याच्या प्रशिक्षकाला लाखो डॉलर मिळत. २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. हे न्यायाचंच आहे. पण त्यातला मोठा वाटा फुटबॉलकडे आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. कुस्तीत दहा वजनगट असताना वर्षानुवर्षं एका संघाला शिष्यवृत्त्यांची मर्यादा ९.९ होती, म्हणजे दहा मल्लांनाही पुरी पडत नव्हती. अमेरिकेत ऑलिंपिकचा संघ सरकार घडवत नाही, ही कॉलेजंच घडवतात. १९८०मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला ४-३ने हरवणारा आइस हॉकीचा संघ आठवा. मिनेसोटा विद्यापीठाचे प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स आणि मुख्यतः कॉलेजची पोरं! कमाई नसलेले खेळ छाटत गेलात तर पुढचा असा संघ येणार कुठून? माझं म्हणणं साधं आहे. फुटबॉलचा गट हवा तेवढा पसरवा, बाकीच्या खेळांना शेजाऱ्यांशी खेळू द्या.

एक गोष्ट मात्र चांगली घडतेय. मुलींची कुस्ती वाढतेय. बड्या गटांतल्या विद्यापीठांत मुलींचा संघ काढणारं पहिलं आयोवाच, आणि २०२६पासून मुलींसाठी एनसीएएची, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची, अधिकृत अजिंक्यपद स्पर्धाही आहे.

आता आपल्याकडे येतो. कॉलेजचा खेळ ही आपल्यासाठी परकी गोष्ट आहे असं कुणी मला सांगू नये. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने आपल्या मल्लासाठी केलेली ही गोष्ट मी आयोवात सांगतो, तेव्हा तिथले जुने प्रशिक्षक गप्प होऊन ऐकतात.

आपल्याकडे मल्ल आहेत, तालमी आहेत, जत्रेची मैदानं आहेत, महाराष्ट्र केसरीला लोटणारी गर्दी आहे. कॉलेजच्या कुस्तीला मात्र हंगाम नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा कुठेतरी लांब तीन-चार दिवसांत उरकते. पोरगा पदक घेऊन येतो, पण तो लढला तेव्हा त्याच्या गावातलं कुणी तिथे नव्हतं. दर आठवड्याला परत यायची सवय लागल्याशिवाय प्रेक्षक तयार होत नाही, मग मल्ल कितीही मोठा असो.

त्याला फार पैसा लागत नाही. कोल्हापूर, पुणे, सोलापूर, संभाजीनगर अशी सहा विद्यापीठं एकत्र आली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच लढती येतात. डिसेंबर-जानेवारीचे पाच शनिवार. एका संध्याकाळी दोन संघ, गादीवर दहा कुस्त्या, त्यांतल्या चार मुलींच्या, आणि गुणफलक संघाचा. प्रवास एसटीने होतो. खेळाचे नियम फ्रीस्टाइलचेच ठेवा, पण चीतपटीला सहा आणि साध्या विजयाला तीन हा संघाचा हिशेब उचला. हलगी आपलीच. इथे बसलेल्यांत दोन कॉलेजांचे क्रीडा संचालक आहेत असं मला आत्ताच कळलं. त्यांनी व्याख्यान संपल्यावर पाच मिनिटं थांबावं, तारखांचा कच्चा आराखडा मी लिहून आणलाय.