लग्न झालंय का, याच्या पुढचा प्रश्न

लग्नाचा आणि नैराश्याचा संबंध काय, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं. 1897 साली एमिल दुरखेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आत्महत्यांवरचा ग्रंथ आला. सरकारी नोंदी चाळताना त्याला दिसलं, की विवाहितांपेक्षा अविवाहितांमध्ये आत्महत्या जास्त आहेत. पण लग्नाचा हा आधार पुरुषाला मिळतो तितका बाईला मिळत नाही, हेही त्याच नोंदींत होतं.

1972 मध्ये अमेरिकेतल्या जेसी बर्नार्ड यांनी मांडलं, की एकाच संसारात दोन लग्नं असतात. एक त्याचं, एक तिचं. बायकांना लग्न अपायच करतं, हा त्यांचा दावा पुढे तसाच्या तसा टिकला नाही. सरासरी पाहिली, तर जोडीदार असलेल्या स्त्री-पुरुष दोघांतही नैराश्य कमी आढळतं. अर्थात, आधीच खचलेल्या माणसाचं लग्न जुळणं आणि टिकणंही अवघड असतं, म्हणून सगळं श्रेय लग्नाला देऊन चालत नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते लंडनच्या कॅम्बरवेल भागातलं काम. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी ते 1978 मध्ये पुस्तकरूपात मांडलं. त्यांनी तिथल्या बायकांचं आयुष्य बारकाईने विचारून घेतलं. मोठा आघात झाल्यावर काहीजणी नैराश्यात कोसळतात, काही तग धरतात. असं का? कोसळणाऱ्यांच्या आयुष्यात काही गोष्टी जास्त आढळल्या. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं, बाहेर नोकरी नसणं, अकरा वर्षांची होण्याआधी आई गमावलेली असणं. आणि या सगळ्यांबरोबर, जिच्याजवळ मन मोकळं करावं अशी जिवाभावाची व्यक्तीच नसणं. नवरा शेजारी बसलेला असतो, पण त्याच्याशी बोलता येत नाही. कागदावर ती विवाहितच असते.

पुरुषांची गत वेगळी. कित्येकांच्या आयुष्यात मनातलं बोलायला बायको सोडून कुणीच नसतं. मग घटस्फोट झाला किंवा ती गेली, की संसारासोबत बोलण्याची ती एकुलती जागाही जाते. बायकांना निदान बहिणी असतात, मैत्रिणी असतात.

त्यात पुरुषाचं नैराश्य चटकन ओळखू येत नाही. तो रडत नाही, चिडतो. दारू वाढते. ‘स्वभावच तापट झालाय’ म्हणून घरचे सोडून देतात. नैराश्याचं निदान बायकांमध्ये जवळपास दुप्पट होतं, आणि जगभरात आत्महत्येने मरणाऱ्यांत पुरुष बायकांच्या दुपटीच्या आसपास असतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की पोटात गोळा येतो.

म्हणून ‘लग्न करून टाका, बरं वाटेल’ हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांकडे जायला हवं, लग्न झालेलं असो वा नसो. औषधांचा उपयोग होतो, समुपदेशनाचाही. आणि दुखणं जर संसारातल्या ताणातूनच आलं असेल, तर दोघांनी एकत्र बसून घेतलेल्या समुपदेशनाने नातंही सुधारतं, नैराश्यही उतरतं.